श्रावण पाळायला दारू सोडली आणि पप्पा असं काय करतायत? अर्जंट

वाटसरू९६:
पप्पा ५४ वर्षांचे, पंधरा-सोळा वर्षं रोज पितात, आधी संध्याकाळी एक क्वार्टर असायची, आता सकाळी उठल्या उठल्या लागते, दिवसाला तीन तरी होतात. दरवर्षी श्रावण पाळतो म्हणतात आणि नागपंचमीपर्यंत पण टिकत नाहीत, यावेळी गटारीला शेवटची घेतली आणि खरंच बंद केली, आम्ही सगळे खुश. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की चहाची बशी धरता येईना, घाम, उलट्या, झोप नाही. आज तिसरा दिवस, दुपारपासून भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणतात आणि वारलेल्या काकांशी बोलतायत. आजी म्हणते बाहेरचं झालंय, शेजारचे म्हणतात एक पेग द्या गप होतील. काय करू?

रातपाळी:
आधी १०८ ला फोन लाव मग खालचं वाच.
हे बाहेरचं नाही, दारूचंच आहे. दारू मेंदूला दाबून ठेवते, मेंदू वर्षानुवर्षं त्याच्या उलट जोर लावत राहतो आणि दाब एकदम काढला की तो जोर उसळतो. थरथर-घाम सहा-बारा तासांत सुरू होतो, फिट यायची ती बहुतेक पहिल्या दोन दिवसांत, आणि नसलेलं दिसणं, बरळणं हे दोन-तीन दिवसांनी, त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आमच्या वॉर्डात सगळे डीटी म्हणतात. यात माणूस जातो रे, घरी काढायचा हा प्रकार नाही. पेग बिग काही देऊ नका, शुद्ध नीट नसताना तोंडात काही ओतलं की फुप्फुसात जातं.
अजून एक, डॉक्टरला रोजचा आकडा खरा सांगा. घरचे लाजून "कधीतरी घेतात" सांगतात, मग अशक्तपणा समजून नुसतं ग्लुकोज लावतात. अशा पेशंटला आधी व्हिटॅमिन बी-१ चं इंजेक्शन लागतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

भाकर_ठेचा:
बरे झाले की ती पावडर मिळते ना, भाजीत न सांगता टाकायची, आमच्या मामीने दिलेली, मामाची सुटली

रातपाळी:
@भाकर_ठेचा अजिबात नको. त्यात काय असतं कोणालाच माहीत नसतं आणि डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायचं औषध, असलं तर वरून प्यायल्यावर तोंड लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, बीपी पडतं. ते औषध डॉक्टर देतात पण पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीने.

माळकरी_आता:
मी स्वतः यातून गेलोय म्हणून लिहितो. माळ घातली आणि त्याच दिवशी बंद केली, दुसऱ्या दिवशी शेतात फिट आली, जीभ चावली गेली, गावात बोभाटा की माळ सोसली नाही याला. माळेचा काय दोष, मला कोणी सांगितलंच नव्हतं की रोजच्या पिणाऱ्याने डॉक्टरशिवाय एका झटक्यात सोडायची नसते. अंगातली दारू उतरणं हे पाच-सात दिवसांचं काम, खरी मारामारी नंतर. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून हेच काम करतात, एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट, त्यांच्या मिटिंगा मराठीत होतात, १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन केला तर फुकट सल्ला मिळतो. पण ते सगळं नंतर, आत्ता पळ.

वाटसरू९६:
चार दिवसांनी लिहितोय, सॉरी. त्याच रात्री ॲडमिट केलं, पहिली रात्र हातपाय धरून बसलो होतो. आईने डॉक्टरांना "थोडीफार घेतात" सांगितलंच, मी मध्ये पडून तीन क्वार्टर सांगितलं, ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी पप्पांनी मला नावाने हाक मारली आणि विचारलं श्रावणातला कितवा दिवस. आजीने नारळ उतरवून टाकलाय, त्यावर कोणी काही बोललं नाही.