आधी कोपरे बघा, रुंदी नंतर

बरेचदा सुचवलं जातं की नव्या वसाहतीतले आतले रस्ते 9 मीटर डांबरी ठेवा, म्हणजे पुढे कोंडी होणार नाही. माझं मत उलट आहे. आतल्या रस्त्यावर दुतर्फा वाहतुकीला साडेपाच मीटर पुरतात (पार्किंग त्यात धरू नका). उरलेली जागा पदपथाला द्या, त्यातले 1.8 मीटर पूर्ण मोकळे. झाडं, खांब, डीपी (विजेची पेटी) त्याच्या बाहेर.

खरी गोम कोपऱ्यात असते. वळणाची त्रिज्या (कोपऱ्यावरच्या रस्त्याच्या कडेची गोलाई) 9 मीटर ठेवली की गाडी वेग न तोडता वळते, आणि चालणाऱ्याला ओलांडायचं अंतरही वाढतं. 4 मीटर ठेवा. कचऱ्याची गाडी आणि अग्निशमन बंब वळतोय का, ते आराखड्यावर तपासा. लागलं तर समोरची मार्गिका वापरू दे, रोज थोडाच येतो बंब!

डांबर पडण्याआधी प्रत्येक चौकात दोन रिकामे पाइप आडवे टाकून तोंडं बंद करून ठेवा. नाहीतर केबलवाले रस्ता फोडतात, चर थराथरानं न दाबता बुजवतात आणि पहिल्या पावसात तिथेच खचतं.

बसथांबा 400 मीटरच्या आत हवाच, पण चालण्याच्या वाटेनं मोजून. कुंपणाला वळसा पडला की नकाशावरचे 400 पायाखाली 900 होतात.