२८ व्या वर्षी प्रीमियर लीग? त्या चेक राइट बॅकबद्दल सांगा कोणीतरी

मोतीबाग_राइटबॅक
भाऊ लोकं एक विचारायचं होतं. मी २२ चा आहे, फुटबॉलमध्ये राइट बॅक खेळतो म्हणजे उजवीकडचा डिफेंडर, सकाळी मोतीबागेत प्रॅक्टिस अन् दुपारनंतर मामाच्या दुकानात. मागच्या आठवड्यात एका अकॅडमीच्या ट्रायलला गेलो तर तिथल्या सरांनी फॉर्मवरची जन्मतारीख पाहिली अन् म्हणे बेटा नोकरीचं बघ आता, बावीस म्हणजे संपलं. माझी लेस पण बांधून झाली नव्हती. रात्री झोप नाही आली तर मोबाइल पाहत बसलो, त्यात लंडनच्या वेस्ट हॅम क्लबवाला कूफाल दिसला, तो म्हणे २८ व्या वर्षी इंग्लंडात आला. खरं आहे का हे? त्याच्या आधी तो काय करून राहिला होता? प्रागच्या स्लाविया क्लबच्याच अकॅडमीतला आहे ना? ज्यांनी त्याला नीट पाहिलंय त्यांनी सांगा, उगाच मोटिवेशन नका देऊ.

तर्री_जादा
पहिले तर नाव. कूफाल नाही बे, चौफल. चहातला च नाही, चौकातला च. सीताबर्डीच्या चौकात उभा राहून म्हटलं तरी प्रागवाल्याला समजेल, कॉमेंट्रीवाल्यांना काऊन नाही जमत काय माहीत.

आता स्लाविया अकॅडमीचं, तर नाही. पोट्टा ऑस्ट्राव्हाचा, २२ ऑगस्ट १९९२ चा. ऑस्ट्राव्हा म्हणजे कोळसा अन् लोखंडाचं गाव, आपलं चंद्रपूर समज. ह्लुचीन, मग ओपावा, हे त्याच भागातले लहान क्लब, अन् विशीत पाय टाकला तेव्हा तो सेकंड डिव्हिजनला खेळून राहिला होता, कोणी ओळखत नव्हतं. तिथून लिबेरेक, म्हणजे टॉप डिव्हिजन. देशाकडून पहिली मॅच २०१७ ला, पंचविशीत. २०१८ ला स्लाविया प्राग, अन् तिथे गाडी सुटली भौ, २०१९ अन् २०२० अशा लागोपाठ दोन लीग, युरोपा लीगची क्वार्टर फायनल, पुढच्या सीझनला चॅम्पियन्स लीगमध्ये बार्सिलोना, इंटर, डॉर्टमुंडच्या ग्रुपमध्ये पडले अन् कॅम्प नूवर जाऊन ०-० करून आले. मग ऑक्टोबर २०२० ला वेस्ट हॅमने उचलला, साधारण ५४ लाख पाउंडात. तिकडे एवढ्यात कोणी बेंचवर बसायला पण नाही येत.

कामठीवाले_काका
तर्रीने सगळं बरोबर सांगितलं पण ते तारखांचं झालं. बाबू तू राइट बॅक आहेस ना, तर युरो कपमधली १४ जून २०२१ ची चेक विरुद्ध स्कॉटलंड मॅच काढ, ग्लासगोची. सगळं जग चेक स्ट्रायकर शिकचा तो दुसरा गोल पाहतं, अर्ध्या मैदानावरून मारलेला, मी मात्र पहिला गोल दहा वेळा मागे घेऊन पाहिला. उजवीकडे चौफलला बॉल मिळतो आणि तो काही नाचत नाही, मान वर, एक नजर आत, आणि क्रॉस टाकून मोकळा, शिक दोन डिफेंडरच्या मधून डोकं लावतो. आपली पोरं काय करतात तर एक कट मारतात, दुसरा मारतात, तोपर्यंत समोरचा डिफेन्स चहा पिऊन परत जागेवर. क्वार्टर फायनलला डेन्मार्कविरुद्ध चेक २-१ ने हरले, तिथेही शिकचा गोल याच्याच क्रॉसवर. वेस्ट हॅमच्या पहिल्या सीझनला लीगमध्ये सात असिस्ट आहेत, म्हणजे याच्या पासवर सात गोल, टीम सहावी आली होती. स्पीड काही फार नाही हो त्याच्याकडे, पण ८५ व्या मिनिटालाही तितकाच वर जातो आणि तितकाच खाली येतो.

एक कडू पण बोलतो, राग मानू नको. तो सेकंड डिव्हिजनला होता तरी त्याला वर्षभर लीग होती, पगार होता, स्टँडमध्ये बसून वहीत लिहिणारा माणूस होता. तुझ्याकडे मामाचं दुकान आहे. वय सारखं म्हणून गोष्ट सारखी होत नाही.

धरमपेठ_हॅमर
काका थोडे कडकच बोलले 😄 पण फायनलचं कोणीच नाही सांगितलं राव! ७ जून २०२३, युरोपातल्या क्लबांच्या कॉन्फरन्स लीगची फायनल, वेस्ट हॅम विरुद्ध इटलीची फिओरेंटिना, अन् ग्राउंड कोणतं तर प्रागचं एडन, म्हणजे स्लावियाचं घर, जिथून हा अन् वेस्ट हॅमचाच दुसरा चेक सोउचेक दोघंही इंग्लंडला गेले होते. समोरच्या टीमचा लेफ्ट बॅक बिरागी, म्हणजे चौफलच्याच बाजूचा, त्याला स्टँडमधून फेकलेल्या ग्लासाने डोक्याला लागलं, रक्त, पट्टी बांधून खेळला बिचारा (आमच्याच लोकांनी फेकलं, लाज वाटली), सेकंड हाफला त्याच्याच हाताला बॉल लागून पेनल्टी. ९० व्या मिनिटाला आमचा बोवेन पळाला अन् २-१. १९८० नंतरची पहिली मोठी ट्रॉफी भाऊ, मी रात्री अडीचला ओरडलो तर खालच्या मजल्यावरचे वर आले.

पण तो काही देवमाणूस नाही हां. त्याच वर्षी नोव्हेंबरात मोल्दोव्हाविरुद्ध युरो क्वालिफायरची शेवटची मॅच असताना ओलोमोउत्सला नाइट क्लबमध्ये गेला, सोबत अजून दोघं, तिघांनाही टीममधून घरी पाठवलं. चेक त्याच्याशिवाय ३-० जिंकले अन् युरोला पोचले. मार्चला परत घेतलं, युरो २०२४ खेळला. मग वेस्ट हॅमने दुसरा राइट बॅक वान-बिसाका आणला, याचे मिनिटं कमी झाले, २०२५ ला जर्मनीत हॉफेनहाइमला गेला. गंमत म्हणजे तिथे आधी कादेराबेक होता, तो पण चेक, तो पण राइट बॅक, २०१५ पासून. त्या क्लबाला दुसरीकडचा राइट बॅक चालतच नाही वाटते.

मोतीबाग_राइटबॅक
काका राग नाही आला, खरं तेच बोलले तुम्ही. पण कट मारण्याचं जे लिहिलं ना ते माझंच आहे, मी दोन कट मारतोच, पोट्टे टाळ्या वाजवतात म्हणून. स्कॉटलंडवाला गोल आता पाहिला, त्याने आत पाहिलं कधी ते मला चौथ्या वेळी दिसलं.

कामठीवाले_काका
रविवारी सहाला येतो मोतीबागेत. शंभर क्रॉस टाकायचे, दोन टच, तिसरा लागला तर मोजायचा नाही. हेडरला कोणीतरी उंच पोरगा पकडून ठेव.

तर्री_जादा
उंच मीच आहो. पोहे काकांकडून.

मोतीबाग_राइटबॅक
बॉल मी आणतो, दोन आहेत, एकाची हवा जाते.