मदत हवी आहे: अण्णांचा काचबिंदू आणि रोजचे थेंब

नमस्कार मंडळी. आम्ही तासगावकडचे, द्राक्षबागवाले. वडील, अण्णा, ६८ वर्षांचे. बागेत चालताना डाव्या बाजूचा लोखंडी अँगल त्यांना सारखा खांद्याला लागायचा. आम्ही म्हणायचो, वय झालं. चष्म्याचा नंबर काढायला सांगलीला नेलं आणि काचबिंदू निघाला. डोळ्याचं प्रेशर ३०, साधारण १० ते २१ असतं. समोरचं अजून स्वच्छ दिसतं, पेपर वाचतात, पण कडेची नजर गेलीय. गेलेली परत येत नाही, मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून भागत नाही, हे कळल्यापासून माझी झोप उडालीय.

थेंब रोज रात्री, कायमचे. अण्णा म्हणतात, "दिसतंय की मला, कशाला घालू?" हात थरथरतो, थेंब गालावरनं ओघळतो. मी घरी असलो की घालतो, मग नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरतो. पण कामासाठी चार-चार दिवस बाहेर असतो, तेव्हा हमखास चुकतं.

कुणाच्या घरी असं माणूस आहे का? एकट्यानं थेंब घालायची काही युक्ती? त्यांना पटवलंत कसं? सांगली-मिरजेत पेरिमेट्री (कडेची नजर किती उरलीय ते बघायची तपासणी) कुठं नीट समजावून करतात? आणि हे घराण्यात येतं म्हणून मी (४२) नि बहिणीनंही तपासायचं ठरवलंय. तपासणीत प्रेशरबरोबर डोळ्यामागची नसही बघतात ना?