शब्दचर्चा : ‘सानसॉङ’ला ‘गिरिदुर्ग’ म्हणावे काय?

प्रश्न : कोरियाच्या इतिहासात ‘सानसॉङ’ हा शब्द वारंवार येतो. ‘सान’ म्हणजे डोंगर आणि ‘सॉङ’ म्हणजे तटबंदी. तेव्हा ‘गिरिदुर्ग’ हा आयता प्रतिशब्द योजावा काय?

उत्तर : योजण्यास हरकत नाही, परंतु ‘गिरिदुर्ग’ म्हटले की मराठी वाचकाला तुटलेले कडे आणि माथ्यावरचा बालेकिल्ला दिसतो. काही सानसॉङांत तट शिखराभोवती फिरतो खरा. पण काहींत तो डोंगरधारांवरून वळसा घेत मधली दरी पाण्यासकट पोटात घेतो. सोलच्या आग्नेयेचा नामहानसानसॉङ या दुसऱ्या प्रकारचा आहे. कोरियातील प्राचीन सिल्ला राज्याने इ.स. ६७२ मध्ये येथे कोट उभारला होता. त्याच जागी कोरियाचा राजा इंजो याने १६२४ ते १६२६ या काळात नवा तट बांधून घेतला आणि त्या कामात बौद्ध भिक्षूंचा मोठा वाटा होता. सुमारे बारा किलोमीटरच्या तटाआत राजासाठी वाडाही होता, कारण संकटकाळी राजधानीच येथे हलवायची होती.

१६३६-३७च्या हिवाळ्यात मांचूंच्या छिंग सत्तेचे सैन्य चालून आले, तेव्हा आश्रयाचे दुसरे ठिकाण असलेल्या गांगह्वा बेटाची वाट अडवली गेल्याने इंजो येथे आला. सुमारे ४७ दिवसांच्या वेढ्यात तट फुटला नाही. मात्र धान्य संपत आले आणि गांगह्वा पडून राजपुत्र शत्रूच्या हाती लागले, तेव्हा राजाने पश्चिम दरवाजाने बाहेर पडून सामजॉन्दो येथे छिंग सम्राटापुढे नऊ वेळा मस्तक टेकवले. हा प्रसंग सांगताना ‘किल्ला जिंकला’ असे लिहिणे चुकीचे ठरेल. ‘राजा शरण गेला’ असेच लिहावे. म्हणून प्रथम उल्लेखात ‘सानसॉङ, म्हणजे आश्रयासाठी बांधलेला डोंगरी कोट’ असा खुलासा करून पुढे ‘गिरिदुर्ग’ खुशाल वापरावा.

पुरवणी : वरील मताशी मी सहमत आहे. ‘नामहानसानसॉङ किल्ला’ ही द्विरुक्ती आहे, परंतु ‘सह्याद्री पर्वत’ म्हणणाऱ्या आपण तिला फार नावे ठेवू नयेत. याउलट तेथील ‘अम्मुन’ या शब्दासाठी खुलाशाची गरजच नाही. शत्रूच्या नजरेआड माणसे व रसद आत-बाहेर नेण्यासाठी तटात ठेवलेल्या त्या लहान दारांना मराठीत ‘चोरदिंडी’ हा नेमका शब्द आहे, आणि या एका किल्ल्याला तशा सोळा आहेत.