सहावा नमुना रिकामा राहतो तिथे अडतं
सीसीटीएनएसमुळे, म्हणजे पोलीस ठाण्यांतल्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या देशभरच्या संगणक प्रणालीमुळे, निर्दोष सुटलेल्याची नोंद आपोआप दुरुस्त होते, असं काहींना वाटतं. तसं गृहीत धरू नका. त्यातल्या सात तपास नमुन्यांपैकी (म्हणजे फॉर्मपैकी) पहिला एफआयआरचा, पाचवा दोषारोपपत्राचा; निकाल सहाव्यात येतो, अपील सातव्यात. निकालापर्यंत वर्षं उलटतात, तपासी अंमलदाराची बदली झालेली असते, मग सहावा भरणार कोण? तोवर चारित्र्य पडताळणीत गुन्हा 'न्यायप्रविष्ट'च दिसतो आणि सुटलेल्या पोराची नोकरी अडते. दोषारोपपत्र दाखल होतानाच खटल्याचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक (न्यायालयात प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) एफआयआरला जोडला, तर न्यायालयाचा निकाल थेट त्या नोंदीत उतरवता येईल. आयसीजेएसची, म्हणजे पोलीस, न्यायालयं, तुरुंग यांच्या नोंदी एकमेकांना जोडणाऱ्या यंत्रणेची, जोडणी त्यासाठीच आहे. तोवर निकालाची प्रमाणित नक्कल ठाण्यात द्या, पोच घ्या.