शब्दचर्चा: वकिलांच्या मोठ्या पेढीतल्या ‘प्रॅक्टिस एरिया’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

अनेक देशांत कार्यालयं असलेल्या एका व्यापारी वकिली पेढीची माहितीपुस्तिका मराठीत आणायचं काम हाती आहे. ‘लॉ फर्म’ला वकिलांची पेढी म्हणते आहे, त्याला कुणाची हरकत नसावी. अडलंय ते ‘प्रॅक्टिस एरिया’पाशी. या मथळ्याखाली पेढी कोणकोणतं काम करते त्याची नावं आहेत: कंपन्यांची विलीनीकरणं, बँकिंग, भांडवल बाजार, लवाद, अँटीट्रस्ट, इन्सॉल्व्हन्सी, कर, रोजगार, बौद्धिक संपदा, ऊर्जा प्रकल्प वगैरे. माझ्या आधी कुणीतरी मथळ्याचं ‘सराव क्षेत्रे’ करून ठेवलंय. ते तर जाणारच. ‘कार्यक्षेत्रे’ चालेल का? आणि आतल्या नावांचं काय करावं?

प्रतिसाद १

‘सराव क्षेत्रे’ वाचून वकील मंडळी अजून नेटमध्येच खेळतायत असं वाटलं.

‘कार्यक्षेत्र’ वाईट नाही, पण इथे घात करेल. मराठीत कार्यक्षेत्र म्हटलं की आधी भूगोल आठवतो. पोलीस ठाण्याचं कार्यक्षेत्र, बाजार समितीचं कार्यक्षेत्र म्हणजे त्यांची हद्द. ज्या पेढीची कार्यालयं लंडन, न्यूयॉर्क, सिंगापूर, दुबईत आहेत तिची ‘कार्यक्षेत्रे’ म्हटल्यावर वाचक शहरांची यादीच शोधणार. ‘शाखा’ म्हणावं तर त्याहून पंचाईत, कारण शाखा म्हणजे थेट कार्यालयच. ‘विभाग’ बरा, पण पेढी अंतर्गत कशी विभागली आहे असा त्याचा अर्थ होतो आणि ते अशिलाला सांगायचं कारण नाही.

मी सरळ ‘कामाचे विषय’ म्हणेन. बोलताना आपण विचारतोच की, “ते वकील कशाचं काम बघतात?”

प्रतिसाद २

पहिल्याला अनुमोदन, आणि ‘क्षेत्र’ वाचवून ठेवायला आणखी एक कारण आहे. अशा पेढ्यांच्या पुस्तिकेत दोन याद्या शेजारी शेजारी असतात. एक कायद्याच्या विषयांची, दुसरी अशिलांच्या धंद्यांची: ऊर्जा, औषधं, बँका व विमा, दूरसंचार. दुसरीला इंग्रजीत सेक्टर म्हणतात. म्हणजे औषध कंपनीचं पेटंटचं काम पहिल्या यादीत बौद्धिक संपदेखाली येतं आणि दुसरीत औषधांखाली. दुसऱ्या यादीला ‘उद्योगक्षेत्रे’ म्हणायचं तर पहिलीत क्षेत्र हा शब्द येताच कामा नये.

प्रतिसाद ३

मी वकील आहे आणि या प्रकारचं काम जवळून पाहतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याकडे वकिलांची वाटणी पूर्वापार दिवाणी आणि फौजदारी अशी. व्यापारी पेढीला हे माप लावलं तर सगळंच दिवाणी आणि मग हाती काहीच लागत नाही. त्यांची खरी वाटणी कोर्टातलं काम आणि कोर्टाबाहेरचं काम अशी असते. इंग्लंडमध्ये त्याला कंटेन्शस आणि नॉन-कंटेन्शस म्हणतात. त्याचं ‘विवादास्पद’ आणि ‘अविवादास्पद’ मात्र कृपया करू नका. विवादास्पद वकील म्हणजे भलताच माणूस. ‘वादाची कामं’ आणि ‘व्यवहाराची कामं’ म्हणा. मोठ्या पेढीत कितीतरी वकील असे असतात की ज्यांना उभ्या आयुष्यात न्यायाधीशासमोर उभं राहावं लागत नाही. घरच्यांना हे शेवटपर्यंत पटत नाही, ते वेगळं.

आता ‘मर्जर्स अँड अॅक्विझिशन्स’. विलीनीकरण ठीक आहे. पण ‘संपादन’ म्हटलं की भूसंपादन आठवतं, म्हणजे सरकारने सक्तीने घेतलेली जमीन, नाहीतर मासिकाचा संपादक. ‘अधिग्रहण’ वर्तमानपत्रांत हिंदीतून आलंय. मराठी सरकारी भाषेत अधिग्रहण म्हणजे तात्पुरतं ताब्यात घेणं, निवडणुकीच्या कामाला गाड्या घेतात तसं. इथे तर एक कंपनी दुसरीला राजीखुशीने, घासाघीस करून विकत घेत असते. मग ‘कंपन्यांची खरेदी-विक्री आणि विलीनीकरण’ म्हणायला काय हरकत आहे? खरेदी हा शब्द फार साधा वाटतो म्हणून आपण बिचकतो, एवढंच.

शिवाय खरेदी म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: खरेदी कशाची? भागांची (म्हणजे शेअर्सची) की धंद्याची? भाग घेतले तर कंपनी आहे तशी येते, तिच्या जुन्या कर्जांसकट, कज्ज्यांसकट आणि करारांसकट. फक्त धंदा आणि मालमत्ता घेतली तर काय उचलायचं आणि काय मागे ठेवायचं हे बरंचसं ठरवता येतं, पण मग एकेक करार नव्या नावावर करत बसावं लागतं. वकिलाचं पहिलं काम इथे असतं.

पुढचं पाऊल ‘ड्यू डिलिजन्स’. याला ‘यथोचित तत्परता’ म्हणणाऱ्याने ते कधी होताना पाहिलेलं नाही. विकणारी कंपनी आपली कागदपत्रं संगणकावरच्या एका बंदिस्त दालनात ठेवते. खरेदीदाराचे कनिष्ठ वकील त्यातला एकेक भाडेकरार, कर्जकरार, नोकरीचा करार वाचतात आणि ‘मालक बदलला तर हा करार रद्द करता येईल’ असं एखादं कलम कुठे दडलंय का ते शोधतात. सापडलं की त्याची नोंद अहवालात जाते आणि तिथून किमतीवर बोलणी सुरू होतात. हा शब्द रूढ झाला तो अमेरिकेच्या १९३३च्या रोखे कायद्यामुळे. भागविक्रीच्या माहितीपत्रात काही खोटं निघालं तरी आपण वाजवी तपास केला होता हे दाखवता आलं तर विक्री करून देणारे सुटू शकत. तो बचाव म्हणजे ड्यू डिलिजन्स. तेव्हा मराठीत ‘खरेदीपूर्व तपासणी’ म्हणा. खासगीत आम्ही झाडाझडती म्हणतो.

प्रतिसाद ४

वर ‘व्यवहाराची कामं’ वाचून गंमत वाटली. धर्मशास्त्रात ‘व्यवहार’ म्हणजे नेमका उलटा अर्थ: खटला, न्यायालयातला वाद. याज्ञवल्क्यस्मृतीचा दुसरा अध्याय व्यवहाराध्याय आहे तो याच अर्थाने. मराठीत येईपर्यंत तो शब्द देण्याघेण्याचा झाला.

मनूने राजापुढे येणाऱ्या वादांचे अठरा विषय दिलेत, त्यांना व्यवहारपदं म्हणतात. पहिलंच ऋणादान, म्हणजे कर्ज आणि त्याची फेड. पुढे निक्षेप म्हणजे ठेव, संभूयसमुत्थान म्हणजे चौघांनी मिळून केलेला धंदा, वेतनादान म्हणजे मजुरी न देणं, संविद्-व्यतिक्रम म्हणजे करारभंग, क्रयविक्रयानुशय म्हणजे खरेदी-विक्री करून मागाहून मागे फिरणं. तुमच्या पुस्तिकेतले बँकिंग, जॉइंट व्हेंचर, रोजगार आणि करार त्यात बसले की! अर्थात पुढे जुगार, चोरी आणि मारहाणही आहे, ते पेढीच्या पुस्तिकेत शोभणार नाही.

‘व्यवहारपद’ वापरा असं मी म्हणत नाही. पण ‘विषय’ हा शब्द मला यामुळेही पटतो, कारण यादी तेव्हाही विषयांचीच होती.

प्रतिसाद ५

स्पष्ट बोलतो. या पुस्तिकेचा वाचक कंपनीचा वित्त अधिकारी असणार. तो दिवसभर एम अँड ए, लिटिगेशन, कॉम्प्लायन्स म्हणतो. त्याला ‘अनुपालन’ वाचायला लावून काय मिळवणार? देवनागरीत तसंच लिहा आणि मोकळ्या व्हा.

प्रतिसाद ६

काही ठिकाणी मान्य, पण ‘अँटीट्रस्ट’ देवनागरीत लिहून बघा. ट्रस्ट म्हणजे आपल्याला न्यास माहीत आहे, तेव्हा वाचकाला वाटेल पेढी देवस्थानांविरुद्ध लढते! नावामागे अमेरिकेचा इतिहास आहे. १८८२मध्ये रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलने आपल्या अनेक तेल कंपन्यांचे भाग मोजक्या विश्वस्तांच्या हाती दिले आणि सगळा धंदा एका मुठीत आणला. असे ट्रस्ट इतर उद्योगांतही निघाले. त्यांना आवरायला १८९०चा शर्मन कायदा झाला आणि १९११मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइलचे तुकडे करायला लावले. ट्रस्टचा तो प्रकार इतिहासजमा झाला, नाव मात्र चिकटून राहिलं. युरोपात त्याच कामाला कॉम्पिटिशन लॉ म्हणतात.

‘मक्तेदारीविरोधी कायदा’ ऐकायला छान, पण अपुरा. या विषयाचे वकील तीन गोष्टी पाहतात: प्रतिस्पर्ध्यांनी संगनमताने भाव ठरवणं, बलाढ्य कंपनीने बळाचा गैरवापर करणं, आणि मोठ्या विलीनीकरणांना नियामकाची परवानगी मिळवणं. शेवटच्या कामापायीच करारावर सही होते आज आणि कंपनी हातात येते काही महिन्यांनी. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीत मक्तेदारी असेलच असं नाही. ‘स्पर्धा कायदा’ म्हटलं की तिन्ही येतात.

प्रतिसाद ३ कडून पुन्हा

उत्तम. ‘इन्सॉल्व्हन्सी’बद्दल माझं मत: नादारी. देणी भागवता न येण्याची अवस्था म्हणजे नादारी, आणि कायद्याने तसं जाहीर झालं की दिवाळखोरी. जुन्या पिढीला नादारी म्हणजे शाळेची फी माफी आठवेल, तो धोका पत्करा. ‘दिवाळं वाजवणं’ यात तर लबाडीचा वास आहे, म्हणून पेढीच्या तोंडी तो नको.

देशादेशांतला फरकही ध्यानात घ्या. अमेरिकेत कंपनी दिवाळखोरी कायद्यातल्या ‘चॅप्टर ११’ या प्रकरणाखाली बँकरप्सीत जाते आणि बहुधा जुनंच व्यवस्थापन कारभार चालवत राहतं. इंग्लंडमध्ये बँकरप्सी फक्त माणसांची, कंपनीची नाही. तिथे कंपनी ‘अॅडमिनिस्ट्रेशन’मध्ये जाते, म्हणजे बाहेरचा प्रशासक येऊन सूत्रं घेतो. त्याचं ‘कंपनी प्रशासनात गेली’ करू नका, ती सरकारी नोकरीला लागल्यासारखी वाटते. ‘कंपनीवर प्रशासक आला’ हे कुणालाही कळतं.

लवादात दोन खड्डे. ‘अवॉर्ड’ म्हणजे निवाडा, पुरस्कार नव्हे; हा विनोद छापील मजकुरात झालेला मी वाचलाय. दुसरा शब्द ‘सीट’. ते सुनावणीचं ठिकाण नाही. सीट लंडन असून साक्षी दुबईत होऊ शकतात. कोणत्या देशाची न्यायालयं त्या लवादावर देखरेख ठेवतील हे सीटवरून ठरतं. मी ‘लवादाचं विधिस्थान’ लिहितो. १९५८च्या न्यूयॉर्क करारात १७०हून अधिक देश आहेत, त्यामुळे एका देशातला निवाडा दुसऱ्या देशात बजावून घेणं न्यायालयाच्या हुकूमनाम्यापेक्षा पुष्कळदा सोपं जातं. आंतरराष्ट्रीय पेढ्यांत हा विषय एवढा फोफावला त्याचं हे मोठं कारण.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. मथळा ‘कामाचे विषय’ पक्का, आणि शेजारी ‘उद्योगक्षेत्रे’. दोन शब्द अजून राहिलेत. ‘सिक्युरिटी’ बँकिंगच्या पानावर आहे, भांडवल बाजाराच्या पानावर ‘सिक्युरिटीज’ आहे, आणि डेटाच्या पानावर परत ‘सिक्युरिटी’. दुसरा शब्द ‘प्रायव्हेट इक्विटी’. त्याचं ‘खासगी समभाग’ केलेलं दिसतंय.

प्रतिसाद ६

बँकिंगमध्ये तारण, बाजारात रोखे, डेटात सुरक्षा. फक्त रोख्यांत एक पाहा: बोलताना रोखे म्हणजे कर्जरोखेच समजतात, तेव्हा जिथे समभागही अभिप्रेत आहेत तिथे पहिल्या वेळी ‘समभाग, कर्जरोखे इत्यादी रोखे’ असं फोडून लिहा.

‘खासगी समभाग’ वाचून कुणालाही घरातल्या कपाटातली शेअर सर्टिफिकेटं वाटतील. प्रत्यक्षात पेन्शन फंड, विमा कंपन्या अशांकडून पैसा गोळा करायचा, त्यात कर्जाची भर घालून आख्खी कंपनी घ्यायची, काही वर्षांनी विकायची, असा तो धंदा आहे. पेढीत त्याचे वकीलही दोन जातींचे: फंड उभारून देणारे आणि त्या फंडासाठी कंपन्या घेऊन देणारे. इथे पाचव्या प्रतिसादाशी सहमत होऊन ‘प्रायव्हेट इक्विटी’च ठेवा, आणि खाली दोन उपशीर्षकं द्या: ‘फंडांची उभारणी’ आणि ‘फंडांसाठी कंपनी-खरेदी’.