लष्करी सेवेनंतर व्यवस्थापन क्षेत्रात जाताना प्रमाणपत्र आधी घ्यावे की क्षेत्र आधी निवडावे?

मूळ लेखन : निवृत्त लेफ्टनंट कर्नल, सध्या गोदाम व वितरण व्यवसायात

आपल्या सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे 60,000 जण निवृत्त किंवा सेवामुक्त होतात आणि त्यांतील बहुतेकांचे वय 35 ते 45 च्या दरम्यान असते. नागरी नोकरीतला माणूस ज्या वयात मधल्या फळीतून वर सरकू लागतो, त्याच वयात आपली माणसे आयुष्यातल्या पहिल्या नागरी मुलाखतीला सामोरी जातात. अशा वेळी बहुसंख्य अधिकारी जो मार्ग धरतात तो ठरलेला आहे. पुनर्वसन महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीआरच्या यादीतील एखाद्या नामांकित संस्थेचा 24 आठवड्यांचा व्यवस्थापन अभ्यासक्रम करायचा, प्रमाणपत्र घ्यायचे आणि मग नोकरी शोधायला लागायचे. अहमदाबाद, लखनौ, इंदूर अशा ठिकाणच्या आयआयएम हे अभ्यासक्रम चालवत आल्या आहेत आणि अधिकाऱ्यांच्या शुल्कातील 60 टक्के वाटा डीजीआर उचलते. सोय उत्तम आहे, तरीही हा क्रम उलटा आहे असे माझे ठाम मत आहे.

सामान्य व्यवस्थापन, म्हणजे माणसे सांभाळणे, आखणी करणे, अपुऱ्या साधनांत काम तडीस नेणे, हे वीस वर्षे सेवा केलेल्या अधिकाऱ्याला येतच असते. त्याला जे येत नाही ते वेगळे आहे. युनिटचा प्रमुख शेकडो जवान, वाहने, शस्त्रे आणि रसद यांची जबाबदारी वाहतो, पण वस्तूची किंमत ठरवणे, ग्राहक गमावणे, उधारी वसूल करणे, खेळत्या भांडवलावरचे व्याज मोजणे यांतले काहीच त्याच्या वाट्याला कधी येत नाही. खर्च मंजूर तरतुदीत बसवणे हे एक कौशल्य झाले आणि त्या खर्चातून नफा काढणे हे दुसरे. ही उणीव सहा महिन्यांत सगळ्या विषयांची तोंडओळख करून भरत नाही. ती एका उद्योगाच्या आत शिरल्यावरच भरते.

म्हणून सेवेची शेवटची दोन वर्षे उरलेली असतानाच क्षेत्र निश्चित करावे आणि त्या क्षेत्राला जी पात्रता लागते तीच घ्यावी. पुरवठा साखळीत जायचे असेल तर साठ्याचा खर्च, वस्तू व सेवा कर, ई-वे बिल आणि वाहतूकदारांशी होणारे करार शिकावेत. बांधकाम किंवा मोठ्या प्रकल्पांकडे ओढा असेल तर पीएमपी हे प्रकल्प व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र पाहावे. चार वर्षांच्या पदवीनंतर त्यासाठी प्रकल्प हाताळल्याचा 36 महिन्यांचा अनुभव आणि 35 तासांचे प्रशिक्षण लागते, आणि लष्कराच्या इंजिनियर्स किंवा सिग्नल्स या शाखांमधल्या अनेकांकडे तो अनुभव असतोच, फक्त तो प्रकल्पाच्या भाषेत मांडलेला नसतो. हवाई दलातील तंत्रज्ञाला विमान देखभालीत राहायचे असेल तर नागरी विमान वाहतुकीचे नियमन करणाऱ्या डीजीसीएच्या परवान्याची परीक्षा हाच त्याचा खरा अभ्यासक्रम आहे. आधी संस्थेचे नाव मिळवायचे आणि मग त्याला साजेशी नोकरी शोधायची, या पद्धतीने मी अनेक उत्तम अधिकारी अशा पदांवर अडकलेले पाहिले आहेत, जिथे त्यांच्या अनुभवाचा उपयोग केवळ प्रशासन आणि सुरक्षा विभागापुरता उरतो.

प्रतिसाद : मनुष्यबळ विभागात दीर्घकाळ भरती करणारी

सर, आपला अनुभव मोठा आहे, परंतु भरतीच्या टेबलाच्या या बाजूने चित्र वेगळे दिसते. मधल्या फळीच्या एका पदासाठी शेकडो अर्ज येतात आणि त्यांची पहिली चाळणी लष्करी अनुभव समजून घेणारा माणूस करत नाही. ती संगणकप्रणाली करते किंवा दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेला तरुण करतो. त्याला रेजिमेंट म्हणजे काय हे ठाऊक नसते, ब्रिगेड मोठी की बटालियन हेही ठाऊक नसते. त्याला आयआयएमचे नाव मात्र ठाऊक असते. ते नाव अर्जावर असल्यामुळे अर्ज पुढे सरकतो आणि अनुभवाविषयी बोलण्याची संधी त्यानंतरच मिळते. ही व्यवस्था न्याय्य आहे असे मी म्हणत नाही, पण आजच्या उमेदवाराला आजच्याच व्यवस्थेतून जायचे आहे.

दुसरे असे की, या सहा महिन्यांना आपण फक्त अभ्यासक्रम म्हणून तोलत आहात. ज्या माणसाने वयाच्या अठराव्या वर्षापासून नागरी कार्यालय आतून पाहिलेले नाही, त्याला ताळेबंद वाचता येणे, एखाद्या निर्णयावर आपल्यापेक्षा वयाने लहान सहकाऱ्याने उघडपणे हरकत घेतली तर ती ऐकून घेता येणे, हुद्दा न सांगता स्वतःची ओळख करून देता येणे, या गोष्टींचा सराव कुठेतरी करावाच लागतो. मुलाखतीत निवृत्त अधिकारी बहुधा ज्ञानात कमी पडत नाहीत. आपण स्वतः काय केले हे ते सांगत नाहीत, “आम्ही केले” एवढेच सांगतात, आणि समोरच्याला त्यातला त्यांचा वाटा कळत नाही. वर्गात बसून चार-पाच महिने गटचर्चा केलेला अधिकारी या बाबतीत स्पष्टपणे वेगळा ओळखू येतो.

प्रतिसाद : अल्पसेवा कमिशनमधून बाहेर पडलेली माजी कॅप्टन

मूळ लेखनातील सल्ला निवृत्तिवेतन असलेल्या माणसाचा सल्ला आहे, हे आदरपूर्वक नमूद करते. अल्पसेवा कमिशन 10 वर्षांचे असते आणि ते वाढले तरी आणखी 4 वर्षांनी. त्यानंतर ग्रॅच्युइटी मिळते, निवृत्तिवेतन मिळत नाही. तिशीच्या सुरुवातीला बाहेर पडणाऱ्या व्यक्तीपुढे अजून जवळपास तीन दशकांची नोकरी उभी असते. तिने एखाद्या गोदामात किंवा कारखान्यात खालच्या पदावर शिरून क्षेत्र शिकावे, हे ऐकायला योग्य वाटते, पण त्या पहिल्या पदाचा पगार पुढच्या प्रत्येक पगाराचा पाया ठरतो.

मी 24 आठवड्यांच्या प्रमाणपत्राच्याही बाजूची नाही. माझे मत पूर्ण पदवीच्या किंवा एक वर्षाच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या बाजूचे आहे. आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स, बंगळूरचा ईपीजीपी असे अभ्यासक्रम अनुभवी उमेदवारांसाठीच आहेत, प्रवेशासाठी जीमॅट किंवा जीआरईचे गुण लागतात, आणि तिथे आपण बँका, सॉफ्टवेअर, औषधनिर्मिती अशा क्षेत्रांतून आलेल्या सहाध्यायांच्या बरोबरीने बसतो. डीजीआरच्या तुकडीत मात्र शेजारी पुन्हा आपलाच कोर्समेट असतो. शुल्क प्रचंड असते आणि कर्ज काढावे लागते, हे मी मान्य करते. तरीही बत्तिसाव्या वर्षी घेतलेले ते कर्ज फेडायला वेळ असतो. बावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या कर्नल साहेबांना तोच मार्ग मी कधीही सुचवणार नाही. वयाचा हा फरक मूळ लेखनात कुठेच आलेला नाही, आणि माझ्या मते संपूर्ण प्रश्नाचे उत्तर त्याच फरकावर अवलंबून आहे.

प्रतिसाद : माजी हवालदार, इन्फंट्री

वरची सगळी चर्चा अधिकाऱ्यांची चालली आहे. सेवामुक्त होणाऱ्यांत जवान आणि जेसीओ, म्हणजे सुभेदारासारखे कनिष्ठ कमिशनप्राप्त अधिकारी, यांची संख्या कितीतरी अधिक असते आणि व्यवस्थापनाच्या पदांवर जाण्याची पात्रता आमच्यातही आहे. मी काही वर्षे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होतो. शंभरावर माणसांचे रेशन, कपडे, दारूगोळा आणि इतर सामान माझ्या सहीने येत-जात असे, एका वस्तूची तूट निघाली तरी चौकशी होई, आणि हे काम मैदानी भागात, वाळवंटात, बर्फात अशा सर्व ठिकाणी केले. निवृत्तीनंतर मात्र ज्या ज्या ठिकाणी गेलो तिथे मला सिक्युरिटी सुपरवायझरचेच काम देऊ केले गेले. भांडार व्यवस्थापकाच्या जागेविषयी विचारले की पहिला प्रश्न पदवीचा येई.

आमच्यासाठी एक तरतूद आहे, हे अनेकांना माहीत असेल. दहावी उत्तीर्ण आणि 15 वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकाला, ज्या पदांना तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव अत्यावश्यक नाही अशा केंद्र सरकारच्या गट ‘क’ पदांसाठी, पदवीधराच्या बरोबरीचे मानले जाते. केंद्रीय खात्यांत गट ‘क’ मध्ये आम्हांला 10 टक्के आणि सार्वजनिक उपक्रमांत व सरकारी बँकांत 14.5 टक्के आरक्षणही आहे. पण खासगी कंपनीच्या दारात ते समकक्षतेचे प्रमाणपत्र कोणी विचारात घेत नाही, आणि व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर विद्यापीठाचीच पदवी लागते. “आधी क्षेत्र निवडा” हा सल्ला म्हणूनच आम्हांला लागू होत नाही. क्षेत्र आम्ही पलटणीतच निवडलेले असते, दारच उघडत नाही. माझे म्हणणे एवढेच की सेवेत असतानाच मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करण्याचा आग्रह प्रत्येक युनिटने धरला पाहिजे. इग्नू आहे, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. परीक्षेच्या तारखांना रजा मिळत नाही म्हणून पदवी अर्धवट सोडलेले किती जवान आहेत, हे कोणत्याही कंपनी कमांडरला विचारून पाहावे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

हवालदार साहेब, आपला मुद्दा या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे आणि माझ्या लेखनाचा रोख अधिकाऱ्यांवर होता हे खरे आहे. आपण सांगता ती पदवी आणि मी ज्याला विरोध करतो ते प्रमाणपत्र यांत मी स्पष्ट फरक करतो. पदवी ही प्रवेशाची अट असते; ती नसेल तर नियमच पुढे जाऊ देत नाही. औद्योगिक सुरक्षेचे उदाहरण घ्या. मोठ्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी नेमणे कायद्याने बंधनकारक आहे आणि शिस्त, आग, स्फोटके यांची जाण असलेल्या माजी सैनिकांना ते काम उत्तम जमेल. परंतु त्यासाठी विज्ञानाची पदवी किंवा अभियांत्रिकीची पदवी अथवा पदविका आणि तिच्यावर औद्योगिक सुरक्षेची पदविका असावी लागते. पंधरा वर्षे दारूगोळा हाताळलेला माणूस तेवढ्यावरून तिथे जाऊ शकत नाही. जेसीओ व जवानांच्या अभ्यासक्रमांचे पूर्ण शुल्क डीजीआर भरते, तेव्हा तो पैसा अशा कायद्याने मागितलेल्या पात्रतांकडे अधिक वळला पाहिजे, यात मी आपल्याबरोबर आहे.

मॅडम, भरतीच्या चाळणीविषयी मात्र मला आपले म्हणणे पटत नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजे एनडीएतून आलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याकडे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी असते. सिकंदराबादच्या कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंटचा उच्च अभ्यासक्रम केलेल्यांना उस्मानिया विद्यापीठाची व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवीही मिळते. म्हणजे कागदावर चाळणीतून पार होणारी पात्रता अनेकांकडे आधीच असते आणि तरी त्यांना बोलावणे येत नाही. माझ्या पाहण्यात चांगली पदे मिळाली ती मुख्यतः अशा अधिकाऱ्यांना, ज्यांनी त्या उद्योगातल्या माणसांना निवृत्तीच्या आधीच गाठले होते आणि कंपनीची नेमकी अडचण समजून घेऊन ती सोडवण्याची तयारी दाखवली होती.

प्रतिसाद : मनुष्यबळ विभागात दीर्घकाळ भरती करणारी

ओळखीतून मिळणाऱ्या नोकऱ्या मीही पाहते, सर, आणि त्यांत काही गैर नाही. पण ती वाट ज्यांच्या ओळखी आहेत त्यांनाच उपलब्ध असते. सीमेवरच्या चौकीतून थेट निवृत्त होणाऱ्या मेजरने उद्योगातल्या माणसांना कधी आणि कुठे गाठायचे? त्याच्यासाठी संस्थेचा माजी विद्यार्थी संघ हीच पहिली ओळख असते. उस्मानियाच्या पदवीविषयी आपण बरोबर आहात, आमच्याकडच्या फार थोड्या लोकांना ती माहीत आहे. ती अर्जात शिक्षणाच्या रकान्यात विद्यापीठाच्या नावासह लिहावी. बहुतेक जण ती लष्करी प्रशिक्षणाच्या यादीत तळाशी टाकतात आणि ती तिथे कोणी वाचत नाही.

प्रतिसाद : अग्निवीराचे वडील

माझा मुलगा अग्निपथ योजनेच्या सुरुवातीच्या तुकड्यांपैकी एका तुकडीत आहे. चार वर्षांनी 25 टक्क्यांपर्यंतच मुलांना कायम ठेवले जाते. बाकीच्यांना सुमारे 11.71 लाख रुपयांचा सेवा निधी मिळतो, निवृत्तिवेतन किंवा माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. अग्निवीरांसाठी इग्नूने तीन वर्षांची पदवी सुरू केली आहे आणि तिच्यातील निम्मे श्रेयांक सेवेतील कौशल्य-प्रशिक्षणाचे धरले जातात. माझ्या मुलाने ती पदवी पूर्ण करून पुढे व्यवस्थापनाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करावी, की निधीतून एखाद्या तांत्रिक पदविकेला जावे?

प्रतिसाद : अल्पसेवा कमिशनमधून बाहेर पडलेली माजी कॅप्टन

काका, पदवी सेवेत असतानाच पूर्ण होऊ द्यावी आणि निधीला तूर्त हात लावू नये. कायम होण्याची निवड झाली नाही तर त्याने आधी दोन-तीन वर्षे त्याच्या ट्रेडशी जवळीक असलेल्या कामात नोकरी करावी. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलाला घाई करण्याचे कारण नाही आणि अनुभवी उमेदवारांसाठी असलेले अभ्यासक्रम त्याला विशीच्या उत्तरार्धातही खुले राहतात. त्याचा ट्रेड कोणता आहे ते कळवावे, म्हणजे नेमके सांगता येईल.